जपानात माती नव्हती

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, बाकीचं नंतर. मी पडलो नाही. तिकडच्या कागदांवर काय लिहिलं गेलं, गावात कोण काय बोललं, ते सगळं मला ठाऊक आहे. तरी मी पडलो नाही. ज्याला हे पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, मला त्याचं काही वाटायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हातानं लिहितो, आणि माझी सून वृषाली ते कॉम्प्युटरवर उतरवते. तिला ताकीद दिली आहे, की बाई, वेलांटी सुधार, माझं मत सुधारू नकोस.

मुलगा संदीप इथं जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. बायको गेल्यावर त्यानं मला इकडं आणलं. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, आणि आमच्या खाली एक म्हातारी राहते, जिला माझ्या बैठकांचा त्रास होतो. रविवारी तर बैठका मारायच्याच नाहीत म्हणे, कारण रविवारी रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. मी संदीपला विचारलं, माणसानं व्यायाम कधी करायचा हे खालच्या मजल्यानं ठरवायचं का? तो म्हणाला, "बाबा, हाउसऑर्डनुंगमध्ये लिहिलंय." म्हणजे इमारतीच्या नियमांच्या कागदात. लिहिलेलं असेल. लिहिलेल्यावर माझा विश्वास का नाही ते पुढं येईलच. मी बैठका बंद केल्या नाहीत. खाली घालायची सतरंजी दुहेरी केली, एवढं केलं. आपण म्हातारे आहोत हे त्या बाईनं लक्षात ठेवावं, मी ठेवणार नाही.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस, जेवणाच्या आधी, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोथिंबीर निवडत बसलो होतो. तुर्की दुकानातली जुडी मोठी असते, तासभर पुरते. समोर नात तन्वी लॅपटॉप उघडून बसलेली. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते, आणि फार लाडात आली तर मोडक्या मराठीत. मी माझ्या कामात होतो, आणि एकदम तो आवाज आला. फळ्यांवर तळहात आपटल्याचा. लाकूड, वर ताणलेलं जाड कापड, आणि त्यावर उघडा पंजा. माझा हात काडीवरच थांबला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"काय लावलंस हे?"

"जपान, आजोबा!" आणि पुढं जर्मनमध्ये भराभरा काहीतरी.

वृषाली पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो बाबा, तिकडं दरवर्षी मोठी स्पर्धा असते कुस्त्यांची. महिनाभर चालते. प्रत्येकाची प्रत्येकाशी कुस्ती, जिंकला की गुण, आणि शेवटी वरचे दोघं..."

"मला सांगू नकोस. मी लढलोय त्यात."

लाटणं थांबलं. लग्न होऊन या घरात आल्याला तिला एवढी वर्षं झाली, तिला हे माहीत नव्हतं. संदीपला माहीत होतं, आणि तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "बाबा, तो विषय नको. बीपी वाढतं तुमचं."

"विषय नको म्हणजे? माझा विषय आहे तो."

तन्वीनं खुर्ची ओढून जवळ घेतली. "एश्ट? खरंच? मग? जिंकलात?"

मी म्हटलं, हे आधी बंद कर, मग सांगतो. ती बंद करीना. वर मलाच समजावायला लागली, की आल्झो आजोबा, हे सगळं आधी ठरलेलं असतं ना, कोण पडणार, कोण उठणार, सगळ्यांना माहीत असतं.

"माहीत असतं आणि तरी बघतेस?"

"गेनाऊ!" ती म्हणाली, जसं काही मी शेवटी तिच्या मनातलं बोललो. "तीच तर मजा."

मी कोथिंबिरीचं ताट आपटलं. आमच्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात. दोन पैलवान आतून ठरवून लढले असं मैदानात नुसतं कळलं, तर लोक दगड मारायचे, आणि बरोबर करायचे. आणि ही माझी नात, माझ्या रक्ताची, पोळीचा तुकडा तोंडात घालून म्हणते, तीच मजा.

त्या रागात हे लिहायला बसलो आहे.

आमचं घर तालमीच्या मागं होतं, मधे फक्त गोठा. वडील मी लहान असताना गेले, घर चालवायचा माझा थोरला भाऊ, दादा. त्यामुळं माझ्या लहानपणाचे आवाज दोनच. अलीकडून दादा धार काढायचा तिचा आवाज, आणि पलीकडून जोर मारणाऱ्यांचे श्वास. दोन्हींचा ठेका एक होता. बादलीत चर्र, तिकडं हूं. चर्र, हूं. पुढं मी तालमीत जायला लागल्यावर गोठ्याच्या बाजूचं ऐकू येईना, मीच हूं करणाऱ्यांतला झालो. चंद्री नावाची म्हैस होती आमची, तिचं दूध विकायचं नाही, घरात कुणी प्यायचं नाही, ते धाकट्याचं. धाकटा म्हणजे मी. वहिनी माझ्यासाठी बदाम, खसखस, बडीशेप पाट्यावर वाटायची, थंडाईसाठी. तिचा स्वतःचा पोरगा पाट्याजवळ बसून बोट चाटायचा. वहिनीनं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. पण वाटून झाल्यावर वरवंटा ती जरा जोरात ठेवायची, आणि तो मला बरोबर ऐकू यायचा. रविवारी मटण शिजायचं, पांढरा रस्सा आधी मला, भांडंभर, आणि मग आई झाकणी लावून बसायची, उरलेल्याचा अंदाज घेत. मी खात होतो. खाल्लं नाही तर लढणार कसा? एका माणसाच्या पाठीवर घर उभं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. लाज वाटायची नाही मला. मी ते फेडणार होतो.

तालमीचा हौदा म्हणजे नुसती माती नव्हे. लाल माती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा, रोज पाण्याचा हबका मारून खोऱ्यानं उकरायची. ती माती अंगाला लागली की खाज येत नाही, जखम चिघळत नाही. वास कसा सांगू? वृषाली इथं ताकात हळद घालून कढी करते तेव्हा क्षणभर येतो, मग तिचा तो एक्झॉस्ट पंखा सगळं ओढून नेतो.

वस्ताद होते आबा. उंचीनं माझ्या खांद्याला लागायचे, पण ते हौद्याच्या कडेला येऊन उभे राहिले की आत चाळीसजण असले तरी कुणी बोलायचं नाही. माझी उमेदवारीची वर्षं होती तेव्हा मी एकदा इचलकरंजीच्या एका दांडग्या पोराला ढाक मारून चितपट केलं. इतका आनंद झाला, की त्याच्या छातीवरच बसलो, शड्डू ठोकत. आबा आत उतरले आणि वेताची छडी माझ्या दोन्ही मनगटांवर अशी मारली, की वळ उठले.

"हात सोड! पाठीला माती लागली, कुस्ती संपली. आता त्यो तुझा पाव्हणा हाय. पाव्हण्याच्या छातीवर बसतोस व्हय रं?"

मग पुढं कितीतरी दिवस माझी तीच शिकवणी. पाडायचं. सोडायचं. हात देऊन उठवायचं. आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडायची. आमच्या तालमीची ती रीतच होती, की जिंकणाऱ्यानं हरलेल्याची पाठ झाडायची. त्यात एक मोठेपणा होता, आणि जरा टोचणीही होती. ज्याची पाठ झाडली गेली त्याला सगळी तालीम बघायची. माझी पाठ तीन वर्षांत कुणी झाडली नव्हती.

मुंबईहून पाटणकर नावाचा माणूस आला तो अशाच दिवसांत. पांढरे बूट घालून हौद्याजवळ उभा राहिला, तिथंच मला तो आवडला नव्हता. परदेशी पैलवानांचे खेळ भरवायचा. त्यानं सांगितलं, की जपानात दरवर्षी एक स्पर्धा होते, देशोदेशीचे मल्ल येतात, सगळ्यांशी सगळे लढतात, आणि यंदा त्यांना हिंदुस्थानचा एक गडी पाहिजे आहे. आबांशी तो माडीवर बराच वेळ बोलत बसला. आबा खाली आले ते माझ्याकडं बोट करूनच.

गावानं हलगी लावून मला एसटीपर्यंत पोचवलं. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ बांधून दिलं. दादानं हौद्यातली मूठभर माती फडक्यात बांधून माझ्या खिशात कोंबली. वहिनी दारातून बघत होती, कडेवर पोरगं. आणि आबांनी सगळ्यांच्या देखत माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि मोठ्यानं म्हणाले, "जशी कोरी पाठ घिऊन चाललास, तशीच कोरी घिऊन ये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

जपानचं मी वाईट सांगणार नाही, निदान पहिल्या आठवड्याचं नाही. पैलवानांची राहायची जागा आमच्या तालमीसारखीच निघाली. पहाटे उठून पोरं बैठका मारायची, आमच्याच बैठका, पायाखाली घामाचं थारोळं साचेपर्यंत. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या बरोबरीनं मारल्या, तेव्हा ती हसली आणि त्यांनी मला जागा करून दिली. एका मोठ्या पातेल्यात भाज्या, मासे, कोंबडी एकत्र शिजायचं, आधी थोरल्यांनी खायचं, मग धाकट्यांनी. मी भातावर कच्चं अंडं फोडून आईची चटणी घालायचो. एका पोरानं चाखून बघितली, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वाटी घेऊन हजर. संध्याकाळी मोठ्या न्हाणीत सगळे लाकडी बुटक्या चौरंगांवर बसून अंग घासायचे, मग गरम पाण्याच्या टाक्यात उतरायचे. तिथं धाकट्यांनी थोरल्यांची पाठ घासायची अशी रीत. सगळ्यांत थोरला जो मल्ल होता, कान चुरगळून कंद झालेले, मान बैलाची, त्याची पाठ घासायला पोरांत चढाओढ. तो स्वतः कुणाची घासायचा नाही. त्याचं नाव माझ्या जिभेला कधी नीट बसलं नाही. मी त्याला मनात थोरलाच म्हणायचो. माझी पहिली कुस्ती त्याच्याशीच लागली होती.

नियम पाटणकरानं समजावून दिला होता. नुसते खांदे टेकवून भागत नाही, दाबून धरायचं, पंच फळीवर तीनदा हात आपटतो, तोवर. मला तो नियम ऐकूनच घाण वाटली होती. पण ऐकला होता. मला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही.

कुस्तीच्या दिवशी मी लंगोट कसून बसलो होतो. पाटणकर आत आला, दार लावून घेतलं, आणि सहज, चहा सांगावा तसं म्हणाला, "हे बघ, थोडा वेळ लढायचं, लोकांना चार डाव दाखवायचे, आणि मग पडायचं. तो उचलून आपटेल, तू उठायचं नाहीस."

मी म्हटलं, "का?"

"का काय? ठरलंय. इथं असंच असतं."

"कुणी ठरवलं?"

"तुझ्या वस्तादांनी शब्द दिलाय, राजा. त्यांना विचारूनच आणलंय तुला."

मी उठून त्याची कॉलर धरली. बोललो काय ते आठवत नाही, शिव्याच असणार. आबांनी शब्द दिला? ज्यांनी छडीनं माझी मनगटं फोडली, ते आबा? मी त्याला भिंतीला लावलं आणि म्हटलं, पुन्हा त्यांचं नाव घेतलंस तर तुझीच पाठ टेकवीन. तो घाबरला, पण हसत होता. ते हसू अजून डोळ्यांपुढं आहे माझ्या.

बाहेर दिवेच दिवे. दोर बांधलेला चौथरा, वर कापड, खाली फळ्या. माती कुठंच नाही. मी दादाचं फडकं सोडून चिमूटभर कोपऱ्यात टाकली आणि कपाळाला लावली. लोक हसले. हसू देत. घंटा वाजली आणि थोरला पुढं आला. दोन-तीन पकडी त्यानं हलक्या घेतल्या, मला वाट देत होता, ठरल्याप्रमाणं. मी खऱ्या घेतल्या. त्याला ते कळलं, लगेच. त्याच्या डोळ्यांत एकदम जाग आली, आणि मग तोही खरा लढायला लागला, आणि सांगतो, तो गडी होता. तमाशातला नव्हता. त्याच्या मानेवर हात टाकला तर जणू खांबच. आम्ही दोघं घामानं निथळलो, कुणी हसेना आता. मग त्याचा एक पाय जड झालेला मला कळला, मी बगलेत शिरलो, मान ओढली, आणि ढाक घातली. तो माझ्या कमरेवरून गेला आणि पाठीवर पडला, दोन्ही खांदे, सपाट, असा की फळ्या वाजल्या. पंच गुडघ्यावर आला, त्यानं एकदा हात आपटला.

आणि मी सोडलं.

डोक्याला नियम सांगितलेला होता. हातांना कोण सांगणार? हातांना आबांची छडी माहीत. पाठ लागली, हात सुटले. मी उभा राहिलो, आणि माती नव्हती तरी खाली वाकून त्या कापडाला हात लावून कपाळाला लावला. थोरला तसाच पडला होता, उताणा, डोळे उघडे, माझ्याकडं बघत. पंच माझ्याकडं बघतोय, त्याच्याकडं बघतोय. मी त्याला उठवायला हात पुढं करणार, एवढ्यात चौथऱ्याखाली बसलेला त्यांचा मालक एकच शब्द ओरडला. थोरला उठला. मला वाटलं आता मिठी मारेल. त्यानं मागून कमरेला धरून मला उचललं आणि आपटलं, वर पडला, आणि पंचानं फळी वाजवली. तीनदा. लोक ओरडायला लागले. झालं. एवढंच.

न्हाणीत मी एकटाच जाऊन बसलो होतो, तोंडात पाणी घेऊन थुंकत. थोरला आला. माझ्या मागं चौरंग ओढून बसला, साबण लावलेलं फडकं घेतलं आणि माझी पाठ घासायला लागला. आणि मग माझ्या डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. जिंकणारा हरलेल्याची पाठ झाडतो. हा मला सांगतोय, की तू पडलास! मी त्याचा हात फटकन उडवला, लाकडी बादली लाथाडली. कडेची पोरं उभीच्या उभी राहिली. थोरल्यानं फडकं पिळलं, घडी केली, आणि गेला.

त्यानंतर माझ्या पाठीला मी कुणाचा हात लागू दिला नाही. दिवाळीत बायको उटणं लावायची, हात, पाय, छाती. पाठीपर्यंत आली की मी तिचा हात धरायचो. ती म्हणायची, "असं काय हो करता, मी काय परकी आहे?" तिला कधी सांगितलं नाही. इथं आल्यावर संदीपनं दुकानातून लांब दांड्याचा ब्रश आणून दिला. या सालापासून खांदा वर जात नाही, त्यामुळं ब्रशही नुसता टांगलेला असतो.

उरलेल्या कुस्त्या मी लढलो नाही. ट्रंक दारात ठेवून तिच्यावर बसलो, शेवटी त्यांनीच परत पाठवलं. एसटीवर कुणी आलं नव्हतं. पाटणकराची तार आधीच पोचली होती, मी पडलो असं लिहिलेली. वहिनीनं पाणी दिलं, आईनं तोंड फिरवलं. मी पाणी न पिता तालमीत गेलो. आबा हौदा उकरत होते.

"पडलास म्हनं," ते न बघता म्हणाले.

"न्हाई पडलो. पाडला त्याला. ढाकेवर."

"मग पळून का आलास?"

"आबा, तुमी शब्द दिलता?"

खोरं थांबलं नाही. चार ओळी उकरून झाल्यावर म्हणाले, "तिथं कुस्ती नस्ती लेका. खेळ असतोय. खेळात पडलं तर पाठीला माती लागत न्हाई."

"मग गावासमोर म्हणालात, कोरी पाठ घिऊन ये. ते काय हुतं?"

"गावासमोर दुसरं काय म्हनू?"

एवढंच बोलले. ज्या माणसानं मला हात सोडायला शिकवलं, त्यानंच माझी पाठ परस्पर देऊन टाकली होती, माडीवर बसून, चहा पिता पिता. आणि मला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? नाही म्हटलं असतं, तोंडावर. म्हणून सांगितलं नाही. मी लंगोट काढून खुंटीला टांगला आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या हौद्यात पाय ठेवला नाही. आबा गेले तेव्हा सगळा गाव गेला, मी गेलो नाही. आजही जाणार नाही. दुसऱ्या दिवशीपासून चंद्रीचं दूध वहिनीच्या पोराला मिळायला लागलं. त्या दिवशी वरवंट्याचा आवाज आला नाही. पुढं कोल्हापूरला फाउंड्रीत लागलो आणि त्यातच निवृत्त झालो.

हे सगळं मी परवा तन्वीला सांगितलं. तिच्या त्या स्पर्धेची शेवटची कुस्ती होती, रविवार होता. तिनं लॅपटॉप मिटून ठेवला आणि म्हणाली, आधी तुमची. मी उभं राहून सांगितली, सोफ्याची मोठी उशी घेऊन ढाक करून दाखवली. उशी जमिनीवर आपटली तशी खालच्या म्हातारीनं छताला झाडूचा दांडा मारला. "मार!" मी ओरडलो. "मार तीनदा, तूही पंच हो!" संदीप कपाळाला हात लावून बसला.

तन्वी हसली नाही. विचारात पडली होती. मग मोडक्या मराठीत, अडत अडत म्हणाली, "आजोबा, तुम्ही सोडलं. मग तो... तो पडूनच राहिला?"

"हो."

"वर कोणी नाही, तरी?"

"हो म्हटलं ना. उताणा."

ती वृषालीकडं वळून जर्मनमध्ये बोलायला लागली, हात नाचवत. वृषालीनं जरा चाचरतच सांगितलं, "बाबा, ती म्हणते, ठरलेल्या कुस्तीत ज्याला जिंकायचं असतं तो तीन व्हायच्या आत खांदा उचलतोच. त्याला उचलावाच लागतो. त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं, तरी त्यानं उचलला नाही. मालक ओरडेपर्यंत. ती म्हणते, तो तीन मोजायची वाट बघत होता."

"तुम्हाला जिंकू देत होता," तन्वी म्हणाली. "ठरलेलं त्यानंच मोडलं. तुम्ही सोडलं."

मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तुला काय कळतं, चार कुस्त्या पडद्यावर बघून मला शिकवतेस, तुझ्या बापाला साधा जोर मारता येत नाही, असं बरंच. ती रडली नाही. माझ्यावर गेली आहे. दारापर्यंत गेली, आणि तिथून म्हणाली, "मग त्यानं पाठ का घासली?" आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस मी बाल्कनीत बसलो होतो. समोरच्या रस्त्यावरून कंपनीच्या पाळीची माणसं सायकलीवरून जातात, ती बघत. मी काही वेडा नाही. त्या न्हाणीत कोण कुणाची पाठ घासतं ते मी रोज बघत होतो. धाकटा थोरल्याची घासतो. तो थोरला, जो कुणाची घासत नव्हता, तो माझ्या मागं चौरंग ओढून बसला, बाकीच्या पोरांदेखत. बघितलेलं सगळं होतं. आणि मी आमच्या तालमीची रीत त्याच्या हातावर मारली. आता मला राग येतो तो याचा, की एवढी वर्षं मी ज्याच्यावर राग धरला, तो माणूसच हातातून निसटला. पाटणकर उरला. आबा उरले. त्या दोघांवरचा राग कुणी काढून घेऊ शकणार नाही, नात आली तरी नाही. पण त्या थोरल्याचं नावसुद्धा मला म्हणता येत नाही.

आज सकाळी न्हाणीघरात होतो. ब्रश घेतला, खांदा वर गेला नाही. दार उघडून हाक मारली, "संदीप!"

तो धावतच आला. त्याला वाटलं, घसरलो. "काय झालं, बाबा? लागलं का?"

"काही झालं नाही. पाठ घास."

तो उभाच राहिला. पन्नाशीला आला आहे, आणि माझी पाठ त्यानं कधी हात लावून बघितलेली नव्हती. मग त्यानं बाह्या वर केल्या, साबण घेतला, आणि अगदी हळू, काचेचं भांडं पुसावं तसं सुरू केलं.

"जोर नाही का हातात? फाउंड्रीवाल्याचा पोरगा ना तू?"

त्यानं जोर लावला. खांद्यापासून कमरेपर्यंत. मी भिंतीच्या फरशीला दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभा होतो. बराच वेळ झाला तेव्हा तो थांबला.

"बाबा, पाठ लाल झाली."

"होऊ दे," मी म्हटलं. "घास."